मुळावर आलेली आत्या

पत्र

ताई, माझं वय ३८. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. सत्ताविसाव्या दिवशी शांत केली होती, वडिलांनी आधी तेलात माझं तोंड पाहिलं आणि मगच मला मांडीवर घेतलं, असं आई सांगते. मी चार वर्षांची असताना वडील गेले. बाजारातून मोटारसायकलवर येताना अंधारात उसाच्या ट्रॉलीवर आदळले. भाऊ तेव्हा वर्षाचा होता. आजी दहाव्यालाच सगळ्यांसमोर म्हणाली, "बापाच्या मुळावर आली ही." ती जाऊन वीस वर्षं झाली, पण शब्द काही गेले नाहीत.

मूळ म्हटल्यावर सासऱ्याला वाईट, म्हणून तीन स्थळं मोडली. शेवटी ज्यांचे वडील हयात नाहीत असं स्थळ बघून दिलं. मालक चांगले आहेत, माझ्या असल्या विचारांना हसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना डेंग्यू झाला तेव्हा मात्र मी रात्रभर दवाखान्याच्या जिन्यात बसले होते, खोलीत गेले नाही. दुकानात नवरीचा ब्लाउज आला की पहिली कात्री मी मदतनीस मुलीला लावायला सांगते. कुणाच्या शुभकार्यात गेले तर उंबऱ्याशी पाय थबकतो. कुणीतरी आधी आत जाईल म्हणून वाट बघते.

आता भावाला मुलगी झाली. पुढच्या महिन्यात बारसं आहे. भाऊ म्हणतो, कानात नाव तूच सांगायचं. मी "त्या दिवशी ऑर्डर आहे" म्हणून टाळलंय. त्यात बाळ आश्लेषेवर जन्मलंय आणि पाहुण्यांत कुजबुज सुरू आहे की ही सासूच्या मुळावर आली. आईचा तर प्रश्नच नाही. वडील गेल्यापासून ती कुठल्याही कार्यात स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही. मला रात्री झोप लागत नाही. मी रोज दिवा लावते, जप करते. हे मनातून कधी जाणार?

उत्तर

आधी त्या बाळाबद्दल बोलू. वय तीन-चार आठवडे. मान अजून धरत नाही आणि तिच्या सासूची काळजी सुरू झाली! ती सासू आज कुठे असेल? कदाचित स्वतःच अजून शाळेत जात असेल, डबा विसरला म्हणून आईच्या शिव्या खात असेल. तिच्या जिवाला धोका आहे म्हणे, सांगलीतल्या एका पाळण्यातून.

हसले, रागावू नका. तुमच्या पत्रातही ही गोष्ट शेवटी, घाईघाईत आली आहे. मला मात्र सगळं पत्र तिच्याचसाठी लिहिल्यासारखं वाटलं. स्वतःचं दुःख तुम्ही चौतीस वर्षं वागवलंत, आणखी चौतीस वागवलं असतंत. झोप उडाली ती आश्लेषेच्या कुजबुजीनं. बरोबर ना?

आता मुळाकडे येते. मी नास्तिक नाही. माझ्याही देवघरात दिवा असतो आणि पंचांग भिंतीवर टांगलेलं असतं. म्हणून पंचांगाच्याच भाषेत बोलते. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत आकाशाची एक फेरी पूर्ण करतो आणि वाटेतल्या सत्तावीस नक्षत्रांपैकी प्रत्येकात सुमारे एक दिवस असतो. म्हणजे दर सत्तावीस माणसांत सरासरी एक जण मूळ नक्षत्राचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. भागून बघा, चाळीस लाखांहून जास्त माणसं येतात. तुमच्या तालुक्याच्या बाजारात दर गल्लीला एक तरी असेल. कुणी भाजी विकतंय, कुणी बँकेत शिक्का मारतंय. एवढ्या सगळ्यांचे बाप चार वर्षांत गेले असते तर या राज्यात कन्यादानाला माणूस शोधावा लागला असता.

आणि ज्या शास्त्रानं दोष सांगितला, त्यानंच शांतही सांगितली. तुमची सत्ताविसाव्या दिवशी झाली. तेलात तोंड पाहिलं, दक्षिणा दिली, पंगत उठली. त्या हिशोबानं तुमचं खातं सत्ताविसाव्या दिवशीच बंद झालं. त्याच पुस्तकात मुळाचे चार चरण मांडलेत, पहिला बापाला, दुसरा आईला, तिसरा धनाला वाईट, आणि चौथा चक्क शुभ. तुमचा चरण कोणता होता, हे आजीनं दहाव्याला विचारलं होतं का? नसेलच. म्हणजे आजी शास्त्रही पुरतं सांगत नव्हती. तिला शास्त्राशी काही देणंघेणंच नव्हतं त्या दिवशी.

तुमच्या लग्नाचंही तेच. सासरे हयात नसलेलं स्थळ बघितलं, म्हणजे नक्षत्राला करायला कामच उरू नये! ही युक्ती आपल्याकडे अनेक घरांत चालते आणि ती करणाऱ्यांपैकी कुणालाही तिच्यातला विनोद दिसत नाही.

तुमच्या वडिलांना ट्रॉलीनं नेलं. हे वाक्य कठोर वाटेल, पण ते एकदा मोठ्यानं म्हणून बघा. हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात किंवा चालतात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, उसाची टोकं बाहेर आलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यावर पडला की मधलं काहीच दिसत नाही. चौतीस वर्षांपूर्वी तर आजच्याइतकीही विचारपूस नव्हती. एक लाल पट्टी हवी होती ट्रॉलीला. ती नव्हती, आणि त्याचा जाब चार वर्षांच्या मुलीला विचारला गेला.

का विचारला असेल? आजीचा मुलगा गेला होता. ट्रॉलीवाल्याशी भांडायला ती जाऊ शकत नव्हती, देवाशी भांडायची सवय नव्हती, सुनेला बोलावं तर ती तान्ह्याला पाजत बसलेली. एवढा मोठा आकांत कुठे ठेवायचा? समोर उभी होती एक पोरगी, जी उलट बोलत नाही. म्हणून तिच्या डोक्यावर ठेवला. मी आजीची वकिली करत नाही. जे केलं ते वाईटच केलं, आणि तुम्ही तिला आजच माफ करा असंही म्हणणार नाही. माफी अशी घाईनं होत नसते. पण ते ओझं मुळात कुणाचं होतं, एवढं नीट बघून घ्या. त्यावर नाव आजीचं आहे.

हे सगळं वाचून तुम्ही मान डोलवाल आणि उद्या उंबऱ्याशी पाय पुन्हा थबकेल. मला ठाऊक आहे. डोक्यानं सोडलेली गोष्ट पायांना कळायला वेळ लागतो.

माझं उदाहरण फारच क्षुल्लक आहे, तरी सांगते. लहानपणी मी दोनदा दुधाला विरजण लावलं आणि दोन्ही वेळा दही लागलं नाही. घरात शिक्का बसला, हिच्या हाताला विरजण लागत नाही. पुढे वीस वर्षं मी विरजण लावलं नाही. सासरी जाऊबाई लावायच्या, मी आनंदानं बाजूला. मग नवऱ्याची बदली झाली, परक्या गावात दोघंच. पहिल्या आठवड्यात मी रोज पिशवीतलं दही आणत होते. एका रात्री पैसे मोजायचा कंटाळा आला आणि दूध कोमट करून, करंगळी बुडवून, ती सोसतेय का बघून, चमचाभर विरजण घातलं. सकाळी दही असं लागलं होतं की भांडं वाकडं केलं तरी हलेना. तेव्हा आठवलं, लहानपणी मी चुलीवरनं उतरवल्या उतरवल्या कढत दुधात विरजण घालत होते. हाताचा दोष नव्हता, दुधाचा होता. आणि बघा, हे कळल्यावरसुद्धा पुढचे महिनाभर मी रोज सकाळी धास्तावून झाकण उघडायची. दही रोज लागायचं, आणि मी रोज धास्तावायची. मग कधीतरी एकदा झाकण न बघताच उघडलं. तो दिवस कोणता, ते मला आज सांगता येणार नाही.

तुम्ही विचारलंत, हे मनातून कधी जाणार. मला वाटतं ते तसंच जाईल, लक्षात न येता. पण त्यासाठी झाकण रोज उघडावं लागेल. तुम्ही बाजूला उभ्या राहता, कुणीतरी आधी आत जातं, कार्य नीट पार पडतं, आणि मनाला वाटतं, बघ, मी मागे थांबले म्हणून सगळं निभावलं. म्हणजे तुमचं मागे थांबणंच दर वेळी आजीच्या बाजूनं साक्ष देतं. उलट साक्ष द्यायची संधी तुम्ही कुणाला दिलेलीच नाही.

खरं तर ती साक्ष तुमच्या दुकानात पडून आहे. मदतनीस मुलगी पहिली कात्री लावते म्हणता. पुढे? माप तुम्ही घेता, अस्तर तुम्ही बसवता, बाह्या, गळा, हूक, काजं, सगळं तुमच्या हातून जातं. लग्नसराईत चाळीस-पन्नास नवऱ्यांचे ब्लाउज धरले तरी चौदा वर्षांत सहाशेच्या आसपास मुली तुमच्या हातचे टाके अंगावर घेऊन बोहल्यावर चढल्या. त्यातल्या कितीजणी पुढे मुलांचे कपडे घेऊन तुमच्याकडेच आल्या? तुम्ही त्या मोजल्या नाहीत. तुम्ही मोजलात तो मालकांचा डेंग्यू, जो डासानं दिला होता, आणि मालक आता ठणठणीत आहेत.

म्हणून आजपासून एक काम. संध्याकाळी तुम्ही दिवा लावता, जप करता, तो चालू द्या. फक्त जपाआधी बिलाच्या वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहायची, आज पहिला हात मी कशाला लावला. "दुकानाचं कुलूप मी उघडलं." "नव्या गिऱ्हाइकाला माप मी घेतलं." "शेजारणीच्या सुनेची ओटी मी आधी भरली." कारण लिहायचं नाही, परिणाम लिहायचा नाही, नुसती नोंद. सत्तावीस दिवस लिहा. तेवढ्यात चंद्र एक फेरी मारेल, मूळही त्यात एक दिवस येऊन जाईल. कुठल्या दिवशी, ते पंचांगात बघायचं नाही, ही एकच अट.

आणि उंबऱ्याशी पाय थबकला की त्याच्याशी कुस्ती खेळू नका. जपात मन भरकटलं की आपण माळ फेकून देतो का? त्याच मण्यावर परत येतो. तसंच. पाय थबकला, छातीत धडधडलं, तर मनातल्या मनात ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हणा, "आजी, आलीस होय? बस तू इथं पायरीवर. मी आत जाऊन येते." आवाज तिचाच आहे, तेव्हा नावानंच बोलवा. तुमचा तो समजता तोवर त्याच्याशी भांडण होतं, आणि स्वतःशी भांडून कुणी जिंकत नाही. तिला बसवून पुढे जाता येतं. पहिल्या वेळी पाय थरथरतील. थरथरू द्या, थरथरत्या पायांनीही उंबरा ओलांडता येतो.

झोपेचं मी हलक्यानं घेत नाही. महिना होत आला असेल, धडधड वाढत असेल, जेवण जात नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या नंबरावर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जप करणाऱ्या बाईनं असा फोन करू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

तोवर झोप लागत नसेलच तर गच्चीवर जा. थट्टा करत नाही. या वैशाखात रात्री अकरा-बारानंतर दक्षिणेकडे, थोडं आग्नेयेला बघा. एक तांबूस ठळक तारा दिसेल, ती ज्येष्ठा. तिच्या खाली तारे वळत वळत जातात, अगदी विंचवाच्या नांगीसारखे, आणि टोकाशी दोन तारे एकमेकांना खेटून. ते तुमचं मूळ. आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरेल तो त्याचा उजेड शेकडो वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. तुमचा, तुमच्या वडिलांचा, त्या ट्रॉलीचा पत्ता त्याला कुठून असणार? मालकांनाही वर घेऊन जा. ते हसतात म्हणता, हसू द्या. दोघांनी मिळून बघितलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते.

आता बारसं. "त्या दिवशी ऑर्डर आहे" ही थाप उद्याच मागे घ्या. भावाला फोन करून एवढंच सांगा, "येते. नाव मीच सांगणार." लांबण लावू नका, कारणं देऊ नका. तो वर्षाचा होता तेव्हापासून तोही बिनबापाचाच वाढलाय, हे विसरू नका. त्यानं तुम्हाला बोलावलं, ते रीत म्हणून असेल असं मला वाटत नाही. आजीचं वाक्य त्याच्याही कानावर शंभरदा पडलं असणार, आणि तरी आपली मुलगी पहिल्यांदा तुमच्या तोंडाशी धरायची असं त्यानं ठरवलंय.

आश्लेषेची शांत करायची म्हणत असतील तर करू द्या. वाद घालू नका. गुरुजी येतील, दोन माणसं जेवतील. फक्त ती झाली की तुम्ही, आत्या म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "झाली शांत. आता हा विषय संपला." तुमच्या वेळी हे म्हणणारं कुणी नव्हतं.

आणि आई. तुम्ही तिच्याबद्दल थोडक्यात आटोपलंत, "आईचा तर प्रश्नच नाही." माझ्या मते तिचाही प्रश्न आहे. तुमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सुचवलं. कागदावरच्या ठरावानं सगळं बदलत नाही, हे मान्य. पण एका अख्ख्या गावाला हात वर करून जुनं सोडता येत असेल, तर एका घराला पाळण्यापाशी एका आजीला उभं करता येईल. बाळाला पाळण्याखालून घ्यायचं, वरून द्यायचं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणायचं. त्यात एक हात आईचा असू द्या. ती "नको गं, मी आत बरी आहे" म्हणेल. तेव्हा तिला समजावत बसू नका, बाळ सरळ तिच्या हातात द्या. बाळ हातात असलेल्या बाईला कुणी स्वयंपाकघरात पाठवत नाही. मग तुम्ही कानाशी वाका, कुर्र करा, नाव सांगा. पाठीत धपाटे पडतील तेव्हा कुणाचा हात जास्त जोरात लागतो ते बघून ठेवा, पुढच्या बारशाला परत करायचा असतो.

आश्लेषेची कुजबूज करणाऱ्या त्या पाहुण्यांनाही बोलवा. पुढच्या रांगेत बसवा.

आत्या शिंपीण आहे म्हटल्यावर कुंची तुम्हीच शिवणार, हे मी गृहीत धरते. खणाची शिवा, आतून मलमल लावा, खणाची जर तान्ह्याच्या गालाला टोचते. पहिली कात्री तुमची. मदतनीस मुलीला त्या वेळी चहा आणायला पाठवा हवं तर. आणि नाड्या आखूड ठेवा, लांब राहिल्या की पाळण्यात गळ्याशी गुंडाळतात.